दत्तूभाऊंचं चौदा आणे पाणी

दत्तूभाऊ राऊत कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी पाणी मागतात, आणि पाणी आलं की लगेच पीत नाहीत. एक घोट तोंडात घेतात, डाव्या गालातून उजव्या गालात नेतात, डोळे मिटतात, मग गिळतात. तोवर घरची माणसं निकालाला उभी असल्यासारखी समोर उभी. मग दत्तूभाऊ डोळे उघडून सांगतात, "नऊ आणे." किंवा, "साडेसात. दिवाळीत आठ होतं. पंप जास्त चालवताय तुम्ही."

सोळा आणे म्हणजे पूर्ण गोड. नंदाखालपासून आगाशीच्या बाजारापर्यंत त्यांनी चाखली नाही अशी विहीर नाही, पण सोळा आणे कोणाला दिलेले मी ऐकलेले नाहीत. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला मुलाच्या वडिलांनी अगत्यानं पेला पुढे केला, तेव्हा दत्तूभाऊ भर बैठकीत म्हणाले, "सहा आणे. मुलीला लिंबं पाठवत जा." लग्न झालं, आणि भाचीला आम्ही अजून लिंबं पाठवतो.

मी मुंबईत एका कचेरीत सव्वीस वर्षं आकडे तपासतो आहे. कोणी आकडा सांगितला की तो पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी वाडी दत्तूभाऊंच्या वाडीला लागून. तेव्हा एका महिन्यात मी त्यांना आमच्या विहिरीचं पाणी अकरा वेळा दिलं. कधी तांब्यातून, कधी पेल्यातून, कधी सकाळी, कधी दिवेलागणीला. दहा वेळा त्यांनी साडेदहा आणे सांगितले. अकराव्या वेळी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे रोखून पाहिलं. "नाना, यात माझी विहीर मिसळलीत. अर्धी?"

"तिसरा हिस्सा," मी म्हणालो. तेव्हापासून मी त्यांचा आकडा पडताळणं सोडलं.

अशा माणसानं काचेच्या पेटीत मासे पाळायचं ठरवलं. त्याची हकिकत मी दिनांकवार वहीत लिहून ठेवली आहे. इथे दिनांक वगळतो.

सुरुवात दाढेनं झाली. आणीबाणी उठून तीन-चार वर्षं झाली असतील. दत्तूभाऊंची दाढ काढायला मी त्यांना मुंबईला माझ्या ओळखीच्या दंतवैद्याकडे नेलं. बाहेरच्या खोलीत माशांची पेटी होती. त्यात हिरव्या प्लॅस्टिकचा पाला, निळे खडे आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा चिनी मातीचा पाणबुड्या. दाढ निघाली, तोंडात कापूस कोंबलेला, तरी दत्तूभाऊ डॉक्टरांना म्हणाले, "तुमचे मासे उपाशी नाहीत. पण ओसाड आहेत."

डॉक्टरांना वाटलं, भुलीचा अंमल असेल.

केळी आणि पानवेली लावणाऱ्या माणसाला तो प्लॅस्टिकचा पाला लागला होता. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "आधी रान, मग जनावर." हे वाक्य पुढचं दीड वर्ष मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मोजणं सोडलं.

पेटी इनासनं केली. इनास आगाशीच्या बाजारात खिडक्यांच्या जाळ्या आणि देवळाचे, चर्चचे दरवाजे करतो. लोखंडी पट्ट्यांची चौकट, आत काचा आणि सांध्यांना लांबी, म्हणजे काचा बसवायचं लुकण. लांबी-रुंदी-उंची छत्तीस, पंधरा, पंधरा इंच. वाळू आणि वरची बोटभर मोकळी जागा वजा जाता मी हिशेब केला शंभर लिटर पाण्याचा, दोन लिटर इकडे तिकडे. पहिल्या दिवशी ती तीन ठिकाणी गळली. इनास म्हणाला, "दत्तूभाऊ, दरवाजा केला असता तर गळला नसता." दत्तूभाऊ म्हणाले, "दरवाज्यात तू पाणी भरून बघितलंस कधी?" दुसऱ्यांदा लांबी भरल्यावर पेटी एका थेंबानंही गळली नाही, हे इनासच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

मग चूक झाली, आणि ती वाडीवाल्यानंच करावी अशी होती.

केळीचा खड्डा कसा भरतात ते आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. तळाला एरंडीची पेंड, थोडं सुक्या मासळीचं खत, वर माती. दत्तूभाऊंनी पेटीचा तळही तसाच भरला. मोजून दोन इंच पेंड आणि खत, वर अडीच इंच वाळू, त्यात पाणवनस्पती, वर पाणी. मी विचारलं, "पेंड जरा जास्त होत नाही?" ते म्हणाले, "नाना, तुम्ही आकडे बघा. झाडाचं पोट मला कळतं."

चौथ्या दिवशी पाणी काळं झालं. पाचव्या दिवशी वाळूतून बुडबुडे यायला लागले, तेही त्या पाणबुड्याशिवाय. सहाव्या दिवशी अर्नाळ्याची हौसाबाई म्हावऱ्याची पाटी घेऊन दारात आली, आणि जिचं आयुष्य सुक्या बोंबलाच्या वासात गेलं ती बाई नाकाला पदर लावून पायरीवरच थांबली.

"दत्तूभाव, कोन मेलं म्हनायचं?"

"कोणी नाही मेलं. खत दिलंय."

"म्हावऱ्याच्या घरात म्हावऱ्याचंच खत? मानसाच्या घरात असं कोनी करतं का?"

दत्तूभाऊंनी पेटी अंगणात नेऊन उपसली. ते पाणी त्यांनी केळीला घातलं आणि त्या वर्षी त्या तीन केळींचे लोंगर, म्हणजे घड, वाडीत सगळ्यांत मोठे आले, हे मी माप घेऊन सांगतो. पण दत्तूभाऊंचा मुद्दा वेगळाच होता. "एक तरी मासा मेला का? नाही. कारण आत नव्हताच. आधी रान, मग जनावर."

दुसऱ्यांदा त्यांनी घाई केली नाही. चिंचोटीच्या ओढ्यातून वाळू आणली, चौदा पाण्यांनी धुतली. तिथलेच चार दगड आणले, आणि ओढ्याच्या कडेला पाण्यात वाढणारी लांब पानांची झाडं मुळांसकट. आमच्या वाड्यांतून पूर्वीपासून बावखलं आहेत, म्हणजे पावसाचं पाणी धरणारी लहान तळी. त्यातली फितीसारख्या पानांची वनस्पती त्यांनी मागच्या काचेलगत ओळीनं लावली, जशी कुंपणाला शेवरी लावतात तशी. मध्ये बुटकी झाडं, पुढे मोकळं अंगण. बदामाच्या झाडाची वाळलेली पानं आत टाकली, त्यानं पाणी फिक्या चहासारखं झालं. आणि एका कोपऱ्यात नारळाची करवंटी उपडी ठेवून तिला कडेला रुपयाएवढं दार कोरलं.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"बाळंतिणीची खोली."

बाळंतीण मात्र पाच महिने आली नाही. पाच महिने त्या पेटीत फक्त पाणी आणि पाला होता. रोज संध्याकाळी दत्तूभाऊ तिच्यासमोर पाटावर बसायचे. पिवळं पान दिसलं की कात्रीनं खुडायचे. उष्णतामापक मी आणून दिला आणि रोजची नोंद माझ्याकडे आली. लोक बघायला यायचे आणि हसून जायचे. आमच्या घरी तर रोज तोच विषय. बायको म्हणायची, "आज काय दिसलं? पाणीच?" मी म्हणायचो, "सव्वीस अंश पाणी." हौसाबाईनं एकदा काचेला डोळा लावून नीट शोधलं. "पानी हाय, पाला हाय, म्हावरं कुठं हाय?"

"यायचंय."

"पाव्हनं हाय का काय, यायचंय म्हनं!"

पण खरं सांगतो, पाच महिन्यांनी ती पेटी बघण्यासारखी झाली होती. मुंबईत मी पुढे अशा पेट्या बऱ्याच पाहिल्या. कोणत्याही पेटीसमोर मला थंड वाटलं नाही. दत्तूभाऊंच्या पेटीसमोर बसलं की वाटायचं, पाण्याच्या पाटाच्या कडेला केळीच्या सावलीत बसलो आहोत. पाला असा माजला होता की आत बुडबुडे सोडणारं यंत्र लागलंच नाही. ऊन पडलं की पानांनाच बारीक बुडबुडे यायचे. शेजारी म्हणून मी सांगतो, माझी छाती त्या पाल्यानं फुगायची आणि मी तर त्यातलं एक मूळही लावलं नव्हतं.

मग मासे आले. मुंबईच्या दुकानदारानं पुष्कळ रंगीत मासे दाखवले, पण दत्तूभाऊंना असे हवे होते जे घर धरून राहतात आणि पोरं सांभाळतात. दुकानदारानं दक्षिण अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातली एक बुटकी जात दाखवली. नर तीन इंच, निळसर, शेपटीला टोक. मादी दोन इंचही नाही, रंग असा की विसरून जावा. पुस्तकात नाव होतं अगासिझी. "म्हणजे आगाशीचेच," दत्तूभाऊ म्हणाले आणि जोडी डब्यात घालून घेतली. दुकानदारानं जाताना बजावलं, "याला हलकं, गोडं पाणी लागतं. खाऱ्या विहिरीच्या पाण्यात जगेल, पण पोरं होणार नाहीत."

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे जी आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

दत्तूभाऊंची स्वतःची विहीर मचूळ आहे. त्यांच्याच मापानं पाच आणे. वसईकडच्या वाड्यांत एक नियम आहे. विहीर खणताना गोडं पाणी लागलं की थांबायचं. हाव धरून खोल गेलं की खालून खारं वर येतं. दत्तूभाऊंना हा नियम पाठ होता. तरी ते चार हात जास्त खोल गेले, कारण ती विहीर त्यांनी रागात खणली.

राग होता वहिनीवर. दत्तूभाऊ नऊ वर्षांचे असताना आई गेली आणि थोरल्या भावाची बायको, सुभद्रावहिनी, हिनं त्यांना वाढवलं. न्हाऊ घालण्यापासून शाळेची पाटी-पेन्सिल पुरवण्यापर्यंत सगळं. भाऊ गेला तेव्हा वाटण्या झाल्या. घर मधोमध झालं आणि जुनी विहीर वहिनीकडे गेली. इथवर सगळं रीतसर झालं. पण वहिनीचा भाऊ मध्यस्थीला आला होता, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "विहिरीवर यायचं तर इथून पुढे विचारून यायचं." दत्तूभाऊंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी गप्प राहिली. दत्तूभाऊ उठले आणि म्हणाले, "या विहिरीवर माझी घागर पुन्हा चढणार नाही."

त्याला नऊ वर्षं झाली होती. घागर चढली नव्हती. दत्तूभाऊंचं लग्न राहून गेलेलं, वहिनीची एकुलती मुलगी पालघरला दिलेली. जास्वंदीच्या कुंपणाच्या दोन बाजूंना दोन माणसं, मध्ये बावीस पावलं. मी मोजली आहेत. बोलणं बंद नव्हतं, पण सरळही नव्हतं. वहिनी आमच्या हिला मोठ्यानं सांगायची, "अहो, कोणीतरी सांगा, धुणं वाळत घातलंय, पाऊस येतोय." दत्तूभाऊ माझ्याकडे बघून म्हणायचे, "नाना, पलीकडे सांगा, नारळ पाडणारा उद्या येणार आहे." मी तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला निरोप पोचवायचो.

लोकांच्या घरी दत्तूभाऊ पाणी का चाखतात, ते मला इथे उमजायला हवं होतं. मी एकदा विचारलंही, "सगळ्या विहिरींचे आणे सांगता. पलीकडच्या विहिरीचे किती?"

"ती मी मोजत नाही."

माझी मोजायची रीत वेगळी. साबणाची वडी आणि तपेलीभर पाणी, फेस येईस्तोवर किती वेळा चोळावं लागतं ते मोजायचं. जड पाण्यात फेस लवकर येत नाही. दत्तूभाऊंच्या विहिरीचं पाणी एकतीस वेळा. आमचं अठरा. चिंचोटीचा ओढा सहा. आमच्या हिनं वहिनीकडून तांब्याभर आणलं ते पाच.

पेटीसाठी पावसाळ्यात धरलेलं पिंपभर पावसाचं पाणी डिसेंबरात संपलं. मादी करवंटीत शिरली आणि आतून दाराशी वाळू लोटून बसली, हे आम्ही पाहिलं. पण वर भर म्हणून घरच्या विहिरीचं दोन तांबे पाणी पडलं होतं. आठ दिवसांनी ती बाहेर आली ती एकटी. करवंटी उचलून पाहिली तर छताला चिकटलेली अंडी पांढरी, बुरशी धरलेली. दत्तूभाऊंनी करवंटी होती तशी ठेवली. त्या संध्याकाळी ते पाटावर बसले नाहीत.

मग सुरू झाली चिंचोटीची वारी; नव्हे, मजुरी. दर रविवारी एस.टी.नं जायचं, दोन कॅन ओढ्याचं पाणी भरायचं आणि यायचं. वाटेत गाडी बदलावी लागायची, म्हणजे कॅन चारदा चढवायचे, चारदा उतरवायचे. कंडक्टर एकदा म्हणाला, "काका, यांचं हाफ तिकीट काढा." दत्तूभाऊ म्हणाले, "चौदा आणे पाणी आहे. तुमच्या गाडीत याच्या लायकीचं कोणी बसलेलं नाही." चौदा आणे हा त्यांनी कोणालाही दिलेला सगळ्यांत मोठा आकडा. ज्यानं घरापासून बावीस पावलांवरचं पाणी घ्यायचं नाही म्हणून अर्धा तालुका ओलांडला, त्याला मी हट्टी म्हणत होतो. माझी बायको म्हणाली, "हट्टी माणूस पाणी आणत नाही. पाण्याशिवाय राहतो."

फेब्रुवारीत पुन्हा अंडी झाली आणि पुन्हा वाया गेली; पेटीतलं पाणी अजून पुरेसं हलकं झालं नव्हतं. मार्चअखेर ओढा आटला. डबकी राहिली, ती गुरांनी ढवळलेली. बावखलं तळाला गेली. आणि नेमकी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मादी तिसऱ्यांदा करवंटीत शिरली.

नवव्या दिवशी सकाळी दत्तूभाऊंनी कुंपणावरून हाक मारली. नुसतं "नाना!" म्हणाले, पण मी दाढीचा साबण तसाच ठेवून गेलो. मादी बाहेर आली होती. जो रंग विसरून जावा असं मी म्हणालो तो आता हळदीसारखा पिवळाजर्द झाला होता, वर काळी रेघ. आणि तिच्या पोटाखाली, वाळूपासून अर्ध्या इंचावर, धुळीचा एक ढग होता. ढगाला डोळे होते.

मी तीनदा मोजली. एकदा एक्केचाळीस, दोनदा त्रेचाळीस. त्रेचाळीस धरतो. एवढ्या लहान जिवांची मोजणी अवघड, पण मादीच आमचं काम सोपं करायची. ती अंग एकदा झटकायची की सगळी पोरं वाळूला चिकटून गप्प. पुन्हा झटकायची की सगळी तिच्या मागे. नर जवळ आला की त्याला ती असा हाकलायची की तिप्पट वजनाचा तो गडी पाल्यामागे तोंड लपवायचा. दत्तूभाऊ दिवसभर कोणी भेटला की ओढत आणायचे. इनास आला आणि काचेपेक्षा स्वतःची चौकटच बघत राहिला. हौसाबाईनं पाटी खाली ठेवली. बराच वेळ बघून म्हणाली, "आई हाय खरी." मग म्हणाली, "एवढ्याशाचं कालवन नाय व्हायचं, म्हनून वाचलीत."

दत्तूभाऊ केळीच्या साली पाण्यात कुजवून त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे पोरांना घालायचे. त्यानं पाणी जड व्हायला लागलं. उन्हानं पाणी आटत होतं, दोन दिवसांत बोटभर. तिसऱ्या दिवशी मी एक्केचाळीस मोजली. पाचव्या दिवशी अडतीस. उरलेल्यांतली काही वरच्या पाण्याशी येऊन तोंड उघडत होती. ताजं गोडं पाणी दहा लिटर तरी हवं होतं आणि ते आज-उद्या हवं होतं.

मी म्हणालो, "तुमची घागर चढणार नाही, बरोबर? मी माझी बादली घेऊन जातो."

"पळवाट झाली."

"शब्दाला धरून आहे."

"नाना, तुम्ही कचेरीतला शब्द सांगताय." ते पेटीकडेच बघत होते. "त्या दिवशी मी घागर म्हणालो. मनात पाणीच होतं."

"मग ही अडतीस?"

ते पाटावर बसून राहिले. मादी पोरांना घेऊन करवंटीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची, आत न्यावं की बाहेर ठेवावं हे तिला ठरवता येत नसावं. दत्तूभाऊंनी काचेवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. मी सांगतो ते ती कुठे सांगते, याची नोंद मी ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेआठला मी उष्णतामापक वाचत होतो, तेव्हा दारात सावली पडली. सुभद्रावहिनी उभी होती. कमरेवर तांब्याची कळशी, पदर खोचलेला, पासष्ट वर्षांची बाई बावीस पावलांनी धापा टाकत होती. नऊ वर्षांत ती या पायरीवर चढली नव्हती. दत्तूभाऊ पाटावरून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

वहिनीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "नाना, तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं म्हणतात. यांची घागर चढणार नाही असं ठरलं होतं ना? ही कळशी माझी आहे."

हीच पळवाट काल मी सुचवली होती, हे मला सांगावंसं वाटलं. मी सांगितलं नाही.

"आणि आणखी एक लिहा," ती म्हणाली. "त्या दिवशी मी गप्प राहिले. तेव्हापासून रोज बोलतेय, पण मांजराशी."

दत्तूभाऊ माझ्याकडे वळले. "नाना, सांगा, खाली ठेवायला सांगा. वजन आहे."

मी निरोप पोचवायच्या आत वहिनीनं कळशी खाली ठेवली होती.

पण पाणी लगेच घालता येत नव्हतं. पेटीत अठ्ठावीस अंश, कळशीत चोवीस. चार अंशांचा फरक ही पोरं सोसणार नाहीत. मी ते सांगितलं. वहिनी म्हणाली, "मग थांबते. कळशी न्यायचीच आहे मला." तिला पाट दिला. कळशी खिडकीच्या उन्हात ठेवली. दर पाव तासानं मी आकडा सांगत होतो. पंचवीस. साडेपंचवीस. मध्ये वहिनी काचेजवळ सरकली.

"पिवळी ती आई?"

"नाना, सांगा, हो."

"आणि बाप?"

"सांगा, पाल्यामागे आहे. तिनं हाकललाय."

"बरं केलं," वहिनी म्हणाली, आणि हसली. मग बराच वेळ बघून म्हणाली, "सगळीच पोरं तिची. पण ती एक मागे राहते बघा, त्या दगडाशी. तिला घ्यायला ती दरवेळी परत जाते."

मी सहा दिवस मोजत होतो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

साडेअकराला कळशी अठ्ठावीसवर आली. दत्तूभाऊंनी पेटीवर फळी टाकून तिच्यावर कळशी ठेवली. कापसाची जाड वात कळशीच्या काठावरून पेटीत सोडली आणि पाणी बारीक धारेनं पडायला लागलं. मिनिटाला अर्ध्या पेल्याच्या आसपास. घाईनं ओतायचं नाही. त्या धारेखाली मादी पोरांना घेऊन आली आणि थांबली. वहिनी जेवायच्या वेळेपर्यंत बसून राहिली, आणि आमच्या हिनं तिथेच तिघांची पानं वाढली.

त्या अडतीसमधली छत्तीस मोठी झाली. हा आकडा माझ्या नोकरीतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मला जास्त प्रिय आहे. त्यातली सहा आता त्याच मुंबईच्या दंतवैद्याकडे आहेत. प्लॅस्टिकचा पाला काढून टाकायचा, या अटीवर दिलेली. पण त्या दुपारचं एक राहिलं.

वात पाणी ओढायची थांबली तेव्हा कळशीच्या तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं. दत्तूभाऊंनी ते पेल्यात ओतलं. मी सवयीनं पेन्सिल उचलली. चवीचा रकाना वहीत होताच, चिंचोटीपर्यंत भरलेला.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि गालात फिरवला नाही. डोळेही मिटले नाहीत. शेतावरून आलेला माणूस पितो तसे उभ्याउभ्या, घटाघट, सगळा पेला पिऊन गेले. मी वाट बघत होतो. त्यांनी पेला खाली ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलले.

"वहिनी, आणखी आहे?"

"विहीर भरून आहे," वहिनी म्हणाली. "घागर आण."

चवीच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. तो अजून कोरा आहे.